ओकीच्या चांदमारीचा बांध

वॉशिंग मशीन मिस्टीच्या ओसरीवर उभं होतं आणि त्याच्या पत्र्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. नेडीन कटराइटने त्यात बोट घालून पाहिलं. भोकाच्या कडा आत वळलेल्या होत्या. तिने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"मला वाटलं, जुनं आहे, गंजलं असेल," मिस्टी म्हणाली. "रविवारपासून खालून पाणी गळत होतं. आज गुरुवार. आज नीट उघडून पाहिलं तर ड्रममध्ये हे." तिने चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी पुढे केली. तोंडाकडून चेपलेली, बुडाकडून शाबूत.

"रविवारी मुली कुठे होत्या?"

"कुठे असणार? इथंच. धाकटी या मशीनला टेकूनच बसते. कुत्र्याला भरवते, गाणी म्हणते." मिस्टीचा आवाज एकदम बारीक झाला. "मिस नेडीन, ही तिच्या डोक्याच्या उंचीवर लागलीय हो."

"शेरिफच्या माणसांना फोन केलास?"

"अर्धी माणसं परवा तुमच्या डॅडीकडेच येणार ना, बंदुका घेऊन. कुणाला करू फोन? ही जागा तुम्ही करून दिलीत, म्हणून तुम्हाला बोलावलं. मला इथं दुसरं कोण ओळखतंय?"

नेडीनला ते वाक्य झोंबलं. एप्रिलमध्ये तिनेच आपल्या बुलडोझरने हा उतार कापून सपाट केला होता. मिस्टीचं पत्र्याचं घर ट्रकने ओढून आणून याच जागेवर बसवलं होतं. वारा लागायचा नाही, ओढ्याचं पाणी चढायचं नाही, असं नेडीन तेव्हा छातीठोकपणे म्हणाली होती. वरच्या डोंगरधारेत एक खिंड आहे, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली होती, संध्याकाळचं ऊन इथून थेट तुझ्या ओसरीवर येईल. त्या खिंडीपलीकडे तिच्या बापाचं शेत होतं. रस्त्याने गेलं तर तीन मैल. पण गोळी काही रस्त्याने जात नाही.

तिने चिंधी खिशात घातली. "मुलींना दोन दिवस आत ठेव. मागच्या खोलीत," ती म्हणाली आणि गाडीत बसल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. दोन लहान मुलींनी स्वतःच्या घरात लपून बसायचं, आणि हे सांगायला तिची जीभ रेटली!

सोमवारी हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात त्या सोमवारी शाळासुद्धा बंद असते, कारण मास्तरही झाडावर चढून बसलेले असतात. आणि त्याच्या आदल्या शनिवारी साऱ्या खोऱ्याने नेडीनच्या बापाच्या, ओकी कटराइटच्या, शेतात जमून आपापल्या बंदुकीचा नेम जुळवून घ्यायचा, ही पंचेचाळीस वर्षांची रीत. साठ-साठ बंदुका येत. बायका पेपरोनीचं मसालेदार मांस भरलेले पाव आणत, घमेलंभर राजमा शिजे, आणि पहिली गोळी ओकी स्वतः झाडत असे. ती झाडेपर्यंत कुणी बंदुकीला हात लावायचा नाही. खाण बंद पडली, चर्चची दोन चर्चं झाली, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, पण ओकीचा शनिवार कधी चुकला नाही.

नेडीन बापाच्या शेतावर पोचली तेव्हा तिचा थोरला भाऊ डेन्झिल नव्या छपरीला रंग देत होता. छपरीखाली सिमेंटचं भक्कम टेबल, शेकोटीची सोय, आणि आढ्याला एक फळी: ‘ओकीची जागा’. हे सगळं त्याने उन्हाळ्यात एकट्याने उभारलं होतं. बापाच्या गुडघ्यांची वाट लागली होती. नेमबाजीची जुनी जागा वर टेकाडावर होती आणि तिथवर चढणं म्हाताऱ्याला जमत नव्हतं. म्हणून डेन्झिलने टेबल खाली, घराच्या मागच्या दाराशी आणलं. खोऱ्यातल्या प्रत्येकाने त्याची पाठ थोपटली होती. नेडीननेही थोपटली होती.

ती सरळ टेबलामागच्या बाकावर बसली, हनुवटी टेबलाला टेकवली आणि समोर बघितलं.

"काय करतेस?" डेन्झिलने विचारलं.

"तुझी बंदूक दे. रिकामी कर. बोल्ट काढ."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

त्याने मागचा बोल्टचा खटका उपसून दिली; आता नळी आरपार मोकळी होती. तिने ती वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, निशाणाच्या फळीवर रोखली आणि मागून नळीतून बघितलं. नळीच्या गोल भोकात निशाणाची फळी दिसली. फळीच्या वर वीतभर माती. मातीच्या वर आभाळ, आणि आभाळात ती खिंड.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी साधी गोष्ट, आणि साऱ्या उन्हाळ्यात कुणाला दिसली नाही! गोळ्या अडवायला निशाणामागे मातीचा बांध बापाने बांधला तेव्हा तो दोन पुरुष उंच होता आणि नेम वरच्या टेकाडावरून खाली धरायचा. वरून खाली मारलेली गोळी चुकली तरी जमिनीतच शिरायची. पंचेचाळीस पावसाळ्यांत बांध खचून दीड पुरुष झाला, तरी ते चालून गेलं. आता टेबल खाली आलं. मध्ये शेताचा उंचवटा, त्यामुळे बांधाचा खालचा अर्धा भाग दिसेना. मग डेन्झिलने निशाणाच्या फळ्या वर सरकवल्या, पार बांधाच्या डोक्यापाशी. खालून वर मारलेली गोळी जरा चुकली की बांधावरून पार. त्यात भर म्हणून पठ्ठ्याने माती वाहू नये म्हणून बांधाच्या तोंडावर ओढ्यातले गोटे थापले होते. गोळी गोट्यावर आपटली की कुठे उसळेल ते देवालाही सांगता येणार नाही.

"ये, बघ नळीतून."

"मी काय बघायचं? मीच बांधलंय."

"म्हणूनच बघ. त्या खिंडीखाली माणसं राहतात, डेन्झिल. तुझ्या नेमाच्या रेषेत."

"ती परवा आलेली पोरगी? तिने नसतं राहायचं तिथं. आपण आधीपासून आहोत."

"जागा मी करून दिली तिला!"

"मग तू बघून घे." त्याने ब्रश डब्यात आपटला. "उन्हाळाभर मी इथं घाम गाळला, तेव्हा तू एक वीट उचलायला आली नाहीस. आता सगळं झाल्यावर चुका काढायला आलीस. लहानपणापासून हेच करत आलीस तू."

भांडण तिथेच पेटलं असतं, पण वाकताना नेडीनला टेबलाखाली काहीतरी चमकताना दिसलं. पितळेचं रिकामं काडतूस. गेल्या आठवड्यात पाऊस पडला होता, त्याचा डागही त्यावर नव्हता. ताजं होतं.

"रविवारी इथं कुणी झाडली?"

"कुणीच नाही. मी शहरात होतो. डॅडी झोपला होता."

नेडीनने काडतूस उचललं आणि घरात गेली. ओकी स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या टेबलाशी राजमा निवडत बसला होता. वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षं खाणीत गेलेल्या माणसाचे हात, त्यातला उजवा आता जरा थरथरतो. तिने त्याच्यापुढे चिंधी उलगडली.

"हे मिस्टीच्या मशीनमध्ये सापडलं, डॅडी. धाकटी पोर तिथं टेकून बसते."

ओकीने गोळी उचलली. उजेडाकडे धरली. अंगठ्याने बुडावरच्या दोन खाचा चाचपल्या. नेडीन त्याच्या तोंडाकडे बघत होती, कारण त्या खाचा तिलाही पाठ होत्या. ओकी गोळ्या विकत आणत नसे. परसात शिसं वितळवून आजोबांच्या साच्यात स्वतः ओतत असे, आणि लहानपणी तो साचा उघडायचं काम नेडीनचं असे. तिच्या डाव्या मनगटावर त्या शिशाचा डाग अजून आहे.

"कुणाची ही?" तिने विचारलं.

ओकीने गोळी हळूच खाली ठेवली. "शिसं ते शिसं," तो म्हणाला आणि परत राजमा निवडू लागला.

मागून डेन्झिल आला होता. "अगं, त्या साच्यातल्या गोळ्या डॅडीने अर्ध्या खोऱ्याला वाटल्यात. कुणीतरी खारीमागे फिरताना झाडली असेल."

"रविवारी तू झाडलीस का डॅडी? नवं टेबल कसं आहे, ते बघायला?"

ओकीने खडा बाजूला काढला. मग दुसरा. "शनिवार ठरलाय," तो म्हणाला. "माणसं येणार. पंचेचाळीस वर्षं येताहेत. आपल्याकडे कधी कुणाला खरचटलं नाही."

"खरचटलं नाही? चार वर्षांच्या पोरीच्या कानाशेजारून गोळी गेली!"

"आवाज कमी कर," डेन्झिल म्हणाला. "कुणापुढे बोलतेस?"

नेडीनला आयुष्यात बापाचा राग पुष्कळदा आला होता. तो हट्टी होता, तुसडा होता. आईच्या आजारपणात त्याने डॉक्टरला घरातून हाकलून दिलं होतं. पण खोटं तो कधी बोलला नव्हता. खाणीच्या साहेबाच्या तोंडावर खरं बोलून दोनदा नोकरी घालवलेला माणूस तो. आज मात्र तो मूग गिळून बसला होता. समोर आपल्या हाताने ओतलेलं शिसं पडलं होतं, आणि हा खडे निवडत होता. तिला ओरडावंसं वाटलं, ते सगळं ताट भिंतीवर भिरकावून द्यावंसं वाटलं. ती काही न करता बाहेर आली, आणि त्याबद्दलही तिला चीड आली.

शुक्रवारी सकाळी सातला तिने बुलडोझर आणला. तिचा विचार साधा होता. तळ्याच्या काठची चिकणमाती चांगली, तिच्यात एक खडा नाही. ती ढकलत आणायची, थरावर थर दाबायचा, बांध पुन्हा दोन पुरुष उंच करायचा, तोंड उभं ठेवायचं. तोंड तिरकं झालं तर गोळी घसरगुंडीसारखी वर चढते. आणि ते गोटे आधी खरवडून काढायचे. यात तीन दिवस मोडले असते, तिच्याकडे एक होता. पण निदान फळ्या खाली येतील, उंचवटा छाटता येईल, काहीतरी होईल.

ती बांधापाशी पोचेपर्यंत डेन्झिलने आपला पिकअप आडवा लावला आणि चावी खिशात टाकून टपावर बसला.

"गाडी काढ."

"नाही काढत. हा डॅडीचा बांध आहे. तुला दगडमातीतलं कळतं म्हणून तू देव झाली नाहीस."

"तुझ्या गाडीसकट ढकलीन, डेन्झिल."

"ढकल. सगळ्यांना कळू दे, ओकीच्या पोरीने काय केलं ते."

त्याला ठाऊक होतं, ती नाही ढकलणार. बुलडोझरचा पुढचा लोखंडी पाटा वर उचललेला, इंजिन घरघरतंय, आणि सख्खा भाऊ पाय हलवत टपावर बसलेला. नेडीनने रागाच्या भरात जी गोष्ट त्या खोऱ्यात कुणी शेजाऱ्याविरुद्धही करत नाही, ती बापाविरुद्ध केली. शेरिफच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे गेलन नावाचा डेप्युटी होता. तिच्या वर्गातला.

"नेडीन! बरं झालं फोन केलास," तो म्हणाला. "उद्या दहाच्या सुमारास येतो मी, डॅडीला सांग. आणि राजमा ठेव माझ्यासाठी, मागल्या वर्षी संपला होता."

तिने सगळं सांगितलं.

"हे बघ, कुणी तक्रार लिहून दिली तर मला यावं लागेल. पण ओकीविरुद्ध? कुणाची सही असणार त्यावर?"

"माझी."

"नेडीन," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "भाऊ-बहिणीचं भांडण आहे ना काही? उद्या बोलू आपण. समोरासमोर."

तिने फोन तोंडावर बंद केला. सगळी चांगली माणसं होती, हेच तर दुखणं होतं. कुणाच्या घरी आग लागली तर ही साठ माणसं बादल्या घेऊन धावली असती. पण आपल्या हातून चूक होते, एवढं एक त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

शनिवारी नऊ वाजेपर्यंत शेत गाड्यांनी भरलं. धुकं निवळून लख्ख ऊन पडलं होतं. नेडीनने येण्याआधी मिस्टीला फोन केला होता. मुलींना घेऊन शहरात जा, असं सांगितलं होतं. मिस्टीची गाडी चालू होत नव्हती. "मी काय करू?" मिस्टी रडत म्हणाली होती. "तिघी न्हाणीघरात बसतो. टबमध्ये. तो लोखंडी आहे."

काल मागे घेतलेला बुलडोझर छपरीशेजारीच उभा होता. नेडीन त्याला टेकून उभी राहिली. येणारे हात वर करून तिला हाक मारत होते. पेपरोनीचे पाव वाटले गेले. डेन्झिल नवी टोपी घालून सगळ्यांना टेबल दाखवत होता, गेलन त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होता. मग मागचं दार उघडलं आणि ओकी बाहेर आला. काठी टेकत सात पावलं चालून बाकावर बसला. टाळ्या पडल्या. मग सारं शेत गप्प झालं, दरवर्षी होतं तसं. ओकीने खिशातून एक काडतूस काढलं आणि बंदुकीत सरकवलं.

"थांब," नेडीन म्हणाली.

"नेडीन, आज नाही," डेन्झिल दातओठ खात म्हणाला.

"आजच. तू गप्प बस." ती टेबलाच्या बाजूला येऊन उभी राहिली. आवाज चढवायची गरज नव्हती, तरी तो चढला. "या बांधावरून गोळ्या पलीकडे जातात. पलीकडे मिस्टी लफ राहते, दोन पोरी आहेत. रविवारी तिच्या ओसरीवर गोळी लागली, चार वर्षांची पोर जिथं बसते तिथं. आत्ता या घटकेला त्या तिघी न्हाणीच्या टबमध्ये बसल्यात. का, तर ओकी कटराइटचा शनिवार आहे म्हणून! आपण पाव खातोय आणि त्या टबमध्ये बसल्यात. ज्याला विश्वास नाही, त्याने या बंदुकीचा बोल्ट काढावा आणि नळीतून बघावं. माझा भाऊ दोन दिवस बघायला तयार नाही."

कुणीतरी खाकरलं. मागून एकजण म्हणाला, "कुठूनही आली असेल गं गोळी." दुसरा म्हणाला, "हा बांध ओकीने बांधलाय. खाणीतला माणूस आहे तो."

"मग त्यालाच विचारा," नेडीन म्हणाली. "कुणाची गोळी, ते त्याला माहीत आहे. डॅडी, सांग यांना. किंवा सांगू नकोस, आणि झाड ती. खिंड समोरच आहे."

"पुरे!" डेन्झिल ओरडला. त्याने तिचा दंड धरला. "त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला चारचौघांत..."

ओकीचा गाल बंदुकीच्या दस्त्याला टेकलेला होता. बोट घोड्यापाशी. साठ माणसं त्याच्या बोटाकडे बघत होती. तो कितीतरी वेळ तसाच राहिला. मग त्याने बोल्ट मागे ओढला. काडतूस उडून सिमेंटवर टणकन पडलं आणि घरंगळत गेलं.

"माझी होती," तो म्हणाला. "रविवारी डेन्झिल घरी नव्हता. मला एकट्याने बघायचं होतं, टेबल कसं आहे. हात हलला. माती उडालेली दिसली नाही, तेव्हाच कळलं मला. गुरुवारी पोरीने गोळी पुढ्यात ठेवली, तेव्हाही कळलं."

गेलनने डोक्यावरची टोपी काढली. पुढे झाला, बोल्ट काढून घेतला, वाकला आणि त्या रिकाम्या बंदुकीच्या नळीतून त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बंदुका गाड्यांत ठेवा," तो सगळ्यांना म्हणाला. "सगळ्यांनी. आत्ता."

माणसं पांगू लागली. कुणी पुटपुटत होतं, कुणी बायकोला खुणावत होतं. एकाने जाता जाता विचारलंच, की मग सोमवारसाठी नेम कुठे जुळवायचा, आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. डेन्झिल छपरीच्या खांबाला धरून उभा होता.

"तुझ्या गुडघ्यांसाठी केलं होतं मी हे," तो बापाला म्हणाला. "तुझ्या गुडघ्यांसाठी. आणि तू मला दोन दिवस हिच्याशी भांडू दिलंस."

ओकीने त्याच्याकडे बघितलं नाही. नेडीनला वाटलं होतं, त्याने कबूल केलं की आपला राग ओसरेल. तो ओसरला नाही. उलट आता तिला तो नीट दिसत होता. तिने टेबलावर दोन्ही हात टेकले आणि बापाच्या तोंडासमोर तोंड नेलं.

"मी आज आले नसते तर? बोलले नसते तर?"

ओकीने उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. आजूबाजूला अजून दहा-बारा माणसं होती, आणि ती ऐकत होती.

"मी म्हटलं होतं मनात, माझी तेवढी खाली मारीन," तो म्हणाला. "मातीत."

"आणि बाकीच्या साठ जणांचं काय?"

नेडीन हलली नाही. शेवटी ओकीने मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते.

"झाडली असती," तो म्हणाला. "तू बोलली नसतीस तर मी झाडली असती, नेडीन. आणि यांनाही झाडू दिली असती. माणसं आली होती ना."

"माहीत आहे मला," नेडीन म्हणाली. "म्हणून म्हणते, ऊठ तिथून."

ओकी टेबलाचा आधार घेत उठला. एकदा गुडघा दुमडला, तो परत बसला, पुन्हा उठला. डेन्झिल पुढे झाला नाही, नेडीननेही हात दिला नाही. म्हातारा आणि त्याच्यामागून डेन्झिल छपरीच्या बाहेर येईपर्यंत ती थांबली. मग तिने बुलडोझर चालू केला, पाटा खाली घेतला आणि ‘ओकीची जागा’ लिहिलेल्या फळीखालून तो सरळ आत घातला.